चेन सॉच्या साखळीला विजेच्या यंत्रावर सुरक्षित धार कशी लावावी?

(आंबा व काजू बागायतदारांच्या प्रशिक्षण वर्गात कृषि अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या वर्गात छाटणी, बोर्डो पेस्ट आणि खोडकिडीचा बंदोबस्त हे विषय झाले. शेवटचा विषय माझ्याकडे आला आहे. तो झाडाचा नसून हत्याराचा आहे.

कोयतीला धार कशी लावावी हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. दगडावर पाणी शिंपडून चार हात मारले की कोयती तयार होते. चेन सॉचे तसे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. पडलेले माड, पोफळी, आंबे, काजू बाजूला करण्यासाठी अनेकांनी चेन सॉ घेतल्या. नंतर जुन्या हापूस बागांच्या पुनरुज्जीवनासाठी त्या कामी येऊ लागल्या. यंत्र चालवायला आपण शिकलो, मात्र त्याची साखळी बोथट झाली की अडचण येते. तालुक्याच्या गावी जाऊन धार लावून आणण्यात एक दिवस मोडतो. म्हणून विजेवर चालणारे लहान चेन ग्राइंडर आता आपल्या पडवीत येऊ लागले आहेत.

सोय चांगली आहे, पण हे यंत्र दिसते त्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे. आज त्याचीच माहिती घेऊ.

बोथट साखळी कशी ओळखावी?

धारदार साखळी लाकडात आपोआप शिरते आणि भुशाऐवजी लहान लहान कपच्या बाहेर टाकते. बोथट साखळीतून पिठासारखी बारीक भुकटी पडते. करवत दाबून धरावी लागते, तेल असूनही काप्यातून धूर येतो, किंवा काप एका बाजूला वाकडा जातो. काप वाकडा जात असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड किंवा बोथट झाले आहेत असे समजावे.

बोथट साखळीने कापलेली फांदी सालीसकट फाटते. फाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट नीट बसत नाही आणि जखम भरायला वेळ लागतो. शिवाय माणूस यंत्र दाबतो, लवकर थकतो आणि थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते. म्हणजे धार हा झाडाच्या आणि माणसाच्याही सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

साखळी बोथट होण्याचे सर्वात मोठे कारण म्हणजे जमिनीला होणारा स्पर्श. जांभ्याला साखळी एकदा घासली की सकाळची धार गेली. माडाचे लाकूडही धार लवकर खाते. आडवे पडलेले खोड कापताना खाली ओंडक्याचा टेकू द्यावा, म्हणजे अर्धे काम वाचते.

कानस की यंत्र?

प्रत्येक वेळी विजेचे यंत्र वापरण्याची गरज नाही. बागेत काम करताना टाकी भरायला थांबाल, त्या वेळी गोल कानशीने प्रत्येक दातावर दोन-तीन हात मारावेत. एवढ्याने धार टिकते आणि साखळी जास्त दिवस चालते. विजेचे यंत्र दोन प्रसंगी वापरावे : साखळी दगडाला किंवा खिळ्याला लागून दात खराब झाले असतील तेव्हा, आणि वारंवार कानस मारून दात लहान-मोठे झाले असतील तेव्हा. यंत्रावर धातू जास्त झिजतो. दर आठवड्याला यंत्रावर चढवलेली साखळी लवकर संपते.

आणखी एक सांगतो. साध्या बेंच ग्राइंडरवर किंवा हातातल्या अँगल ग्राइंडरवर साखळी हाताने धरून धार लावण्याचा प्रयत्न काही जण करतात. हे कधीही करू नये. सुटी साखळी फिरत्या चाकात अडकली तर ती क्षणात चाकाभोवती गुंडाळली जाते आणि सोबत बोटेही ओढली जातात. साखळी घट्ट पकडणारा चिमटा, दात टेकण्यासाठी अडसर आणि चाकावर संरक्षक झाकण या तिन्ही गोष्टी असलेले यंत्रच वापरावे.

चाकाची निवड

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या साखळीचे माप. लागोपाठच्या तीन रिव्हेट घ्याव्यात. पहिल्या रिव्हेटच्या मध्यापासून तिसऱ्या रिव्हेटच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याचे निम्मे करावे. त्याला साखळीचा पिच म्हणतात. हे पूर्ण अंतर सुमारे १९ मि.मी. आले तर साखळी तीन अष्टमांश इंचाची आणि सुमारे १६.५ मि.मी. आले तर ०.३२५ इंचाची असते.

तीन अष्टमांश इंचात दोन प्रकार आहेत. लहान यंत्रांवर कमी उंचीच्या दातांची, लो प्रोफाइल साखळी असते, तर मोठ्या यंत्रांवर नेहमीची. दोन्हींचा पिच सारखाच येतो, म्हणून साखळीच्या वेष्टनावरील किंवा यंत्राच्या पुस्तिकेतील माहिती पाहूनच प्रकार ठरवावा. लो प्रोफाइल आणि ०.३२५ इंचाच्या साखळीसाठी साधारणपणे ३.२ मि.मी. जाडीचे चाक लागते. नेहमीच्या तीन अष्टमांश इंचाच्या साखळीसाठी ४.८ मि.मी. जाडीचे चाक लागते. जाड चाक लहान दातात घातले तर दाताखालची जोडकडी कापली जाते. ती कमकुवत झालेली साखळी पुढे भर कामात तुटते.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रत्येक चाकावर मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे चालतील तो आकडा छापलेला असतो. हा आकडा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवा. चाकाच्या भोकाचे माप यंत्राच्या दांड्याशी जुळले पाहिजे. भोक मोठे आहे म्हणून कागद किंवा पत्रा गुंडाळून चाक बसवू नये. भोक लहान आहे म्हणून ते कानशीने वाढवूही नये.

ही काळजी का, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. १४५ मि.मी. व्यासाचे चाक मिनिटाला २८५० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे २१.६ मीटर वेगाने जाते. म्हणजे ताशी सुमारे ७८ किलोमीटर. चाक फुटले तर त्याचा तुकडा महामार्गावरच्या मोटारसायकलच्या वेगाने सुटतो, आणि आपला चेहरा तर हातभर अंतरावर असतो.

चाकाची तपासणी

चाक बसवण्यापूर्वी उजेडात दोन्ही बाजूंनी पाहावे. चीर, कपचा किंवा तेलाचा डाग असल्यास ते चाक वापरू नये. खाली पडलेले चाक वरून चांगले दिसले तरी ते मोडून टाकावे, म्हणजे दुसरे कोणी ते चुकून बसवणार नाही. चिनी मातीसारख्या भाजलेल्या चाकाची परीक्षा माठासारखी घेता येते. चाक बोटावर किंवा काडीवर टांगून पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर चाक बाद करावे. रेझिनने बांधलेल्या चाकांचा आणि फार लहान चाकांचा आवाज मुळातच कमी येतो, तेथे डोळ्यांनी केलेली तपासणी अधिक महत्त्वाची. रेझिनच्या चाकावर वापरण्याची मुदतही छापलेली असते, ती पाहावी. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ही चाके कमकुवत होतात. ती गोठ्याच्या भिंतीला टांगून न ठेवता कोरड्या डब्यात आडवी ठेवावीत.

चाक बसवताना दोन्ही बाजूंना कंपनीने दिलेल्या चकत्या असाव्यात. नट बेताने आवळावा. अति आवळल्यानेही चाकाला चीर जाते. मग झाकण बसवावे, बाजूला उभे राहून यंत्र सुरू करावे आणि एक मिनिट रिकामे फिरू द्यावे. खराब चाक बहुधा याच वेळी फुटते, म्हणून या मिनिटात चाकाच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. पोरेबाळे तर मुळीच नकोत.

विजेची जोडणी

येथे मी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बागेत मी साखळीला धार लावत होतो. निम्मे दात झाले आणि वीज गेली. चाक थांबले. बटण बंद करण्याचे माझ्या लक्षात आले नाही. चाकावर बसलेली काळी घाण फडक्याने पुसत असतानाच वीज परत आली. फडके ओढले गेले आणि त्याबरोबर तर्जनीचे टोक. पाच टाके पडले. बोट वाचले, पण त्या पेराला आजही थंडीगरम नीट कळत नाही. यंत्राचा दोष काहीच नव्हता. दुसऱ्यांना बटण बंद करा म्हणून सांगणारा मी, स्वतः मात्र विसरलो.

आपल्या विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉईल असते. वीज गेली की स्टार्टर सुटतो आणि वीज आल्यावर पंप आपण होऊन सुरू होत नाही. लहान ग्राइंडरच्या साध्या बटणात बहुधा ही सोय नसते. म्हणून वीज गेली की पहिले काम बटण बंद करणे आणि दुसरे काम प्लग काढणे. चाक बदलताना, कोन बदलताना, चाक पुसताना प्रत्येक वेळी प्लग काढलेला असावा आणि तो आपल्या नजरेसमोर असावा.

दुसरी चूक आपल्याकडे सर्रास दिसते. बागेत घरगुती जोडणी नसते, म्हणून पंपाच्या पेटीतून एक फेज घेतात आणि दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या सळईला किंवा बोअरच्या पाईपला बांधतात. यंत्र चालते, पण ती सळई, तो पाईप आणि भोवतालची ओली जमीन यांत वीज उतरते. अशा पाईपला हात लावणारा माणूस किंवा जवळ चरणारे जनावर दगावू शकते. हा प्रकार पूर्णपणे बंद करावा. साखळी घरी आणावी आणि अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच यंत्र जोडावे. घराच्या वीजजोडणीवर ३० मिलीअँपिअरचा गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, बसवून घ्यावा. त्याच्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही ते पाहावे.

वायर सोललेली नसावी, सांध्याला नुसती चिकटपट्टी नसावी. पावसाळ्यात ओल्या ओटीवर, ओल्या हाताने किंवा अनवाणी यंत्र चालवू नये. दाब फार कमी असेल आणि मोटर गुरगुरत असेल तर काम थांबवावे, नाहीतर मोटर जळते.

जागा आणि पोशाख

यंत्र कमरेच्या उंचीच्या भक्कम टेबलावर बोल्टने घट्ट बसवावे. जमिनीवर उकिडवे बसून, पायाने यंत्र दाबून काम करू नये. उजेड भरपूर असावा. ठिणग्या उडतात, म्हणून पेट्रोलचा डबा, चेन सॉ, गवत, पेंढा, सुका भुसा ही सर्व सामग्री दूर ठेवावी. जवळ वाळूची बादली असावी.

डोळ्यांवर बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा हवाच. नंबरचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण कण बाजूने येतो. ज्यांना नंबर आहे त्यांनी चष्म्यावरून बसणारा गॉगल घ्यावा. नाकातोंडावर धुळीचा मास्क लावावा. गमछा, ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली माळ, हातातले कडे फिरत्या चाकाजवळ येता कामा नये. भगिनींनी केस बांधावेत आणि पदर खोचावा. साखळी काढताना व बसवताना चामड्याचे अंगाबरोबरचे हातमोजे घालावेत. सैल विणलेले सुती मोजे यंत्रावर वापरू नयेत, त्यांचा धागा चाकात अडकतो.

साखळीची तयारी

साखळी काढण्यापूर्वी पेट्रोलच्या यंत्राची स्पार्क प्लगची टोपी काढावी. विजेच्या करवतीचा प्लग किंवा बॅटरी काढावी. साखळीवर तेल, चीक आणि भुसा बसलेला असतो. तो ब्रशने व साबणाच्या पाण्याने धुवून साखळी उन्हात पूर्ण वाळवावी. तेलकट साखळीमुळे चाकाची छिद्रे भरतात आणि दात तापतात. पेट्रोलने साखळी धुऊन तशीच यंत्रावर चढवू नये, ठिणगीने पेट घेईल.

मग एकेक कडी हातात घेऊन तपासावी. चीर गेलेली जोडकडी, सैल रिव्हेट किंवा तुटका दात आढळल्यास त्या साखळीला धार लावत बसू नये. ती दुरुस्त करून घ्यावी किंवा बदलावी. दातावर झिजेची खूण असते. धार त्या खुणेपर्यंत पोचली असेल तर साखळीचे आयुष्य संपले असे समजावे.

प्रत्यक्ष धार लावणे

१. सर्वात आखूड दात शोधून त्यावर खडूने किंवा पेनाने खूण करावी. सर्व दात त्याच्या मापाला आणायचे आहेत. लांबी सारखी नसेल तर काप सरळ जाणार नाही.

२. साखळीच्या माहितीपत्रकात दिलेला कोन यंत्रावर लावावा. बहुतेक साखळ्यांसाठी तो ३० अंश, काहींसाठी २५ अंश असतो.

३. प्लग काढलेला असतानाच खुणेचा दात चिमट्यात धरून अडसराला टेकवावा. चाक हाताने खाली आणून ते दाताच्या तोंडाला जेमतेम लागेल आणि खालच्या जोडकडीला लागणार नाही अशा रीतीने खोलीचा स्क्रू लावावा. चाक हाताने एकदा फिरवून पाहावे.

४. आता प्लग लावावा, चष्मा डोळ्यांवर आहे याची खात्री करावी, बाजूला उभे राहून यंत्र सुरू करावे आणि पूर्ण वेग येऊ द्यावा.

५. चाक दातावर दाबून धरू नये. टेकवावे, उचलावे, पुन्हा टेकवावे. एका स्पर्शाला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ देऊ नये. एका वेळी थोडाच धातू काढावा.

६. चाक वर उचलल्यावरच साखळी पुढे सरकवावी. एका बाजूचे सर्व दात आधी संपवावेत. मग यंत्र बंद करून, प्लग काढून कोन उलट लावावा आणि दुसऱ्या बाजूचे दात घ्यावेत.

७. बंद केल्यावर चाक आपोआप थांबू द्यावे. लाकूड किंवा हात लावून थांबवू नये.

दात निळा पडला तर तो जळला असे समजावे. त्याचे पाणी उतरते आणि धार टिकत नाही. काही वेळा तो इतका कडक होतो की पुढे कानसही त्यावरून घसरते. दात निळे पडू लागले तर दाब कमी करावा आणि चाकाचे तोंड ड्रेसिंगच्या दगडाने साफ करून घ्यावे. तापलेला दात पाण्यात बुडवू नये, तो ठिसूळ होण्याचा संभव असतो.

रेकर विसरू नका

प्रत्येक धारेच्या दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती लाकूड उचलायचे ते हा रेकर ठरवतो. धार लावून दात मागे झिजला की त्याची उंची कमी होते. मग रेकर तुलनेने उंच राहतो आणि धार असूनही साखळी कापत नाही. म्हणून दोन-तीन वेळा धार लावल्यावर रेकर मापपट्टीने तपासावा. बऱ्याच साखळ्यांत तो दातापेक्षा ०.६५ मि.मी. खाली असतो. नेमका आकडा माहितीपत्रकात पाहावा. रेकर चपट्या कानशीने घासावा. तेथे विजेचे यंत्र न वापरलेले बरे, कारण क्षणात जास्त घासले जाते.

रेकर जास्त खाली गेला तर दात लाकडात खोल रुततो. यंत्र हिसके देते आणि बारचे टोक फांदीला लागताच करवत उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. जलद कापावे म्हणून मुद्दाम रेकर उतरवणारे कारागीर आहेत. त्यांचे ऐकू नका. त्या करवतीपुढे तुमची मान असते, कारागिराची नव्हे.

धार लावून झाल्यावर साखळी पुसून तेलात भिजवावी, मगच बारवर चढवावी. थंड साखळी हाताने ओढता आली पाहिजे, मात्र ती बारच्या खालच्या बाजूला लोंबता कामा नये. थोडा वेळ चालवल्यावर यंत्र बंद करून, साखळी निवल्यावर ताण पुन्हा पाहावा.

अपघात झाल्यास

डोळ्यात कण गेला तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. कण निघाला नाही किंवा खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लोखंडाचा कण बुबुळात राहिला तर तेथे गंज चढतो. कण रुतलेला दिसत असेल तर तो काढण्याचा प्रयत्न करू नये, डोळा दाबू नये. वरून कागदी पेला उपडा धरून रुग्णालय गाठावे. शेजाऱ्याने रुमालाच्या टोकाने कण काढून देण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगाची नाही.

हाताला कापल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे, हात उंच ठेवावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला एकदम हात लावू नये. आधी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून दूर करावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

बंधू-भगिनींनो, वादळात पडलेले झाड पुन्हा लावता येते. काही वर्षे वाट पाहावी लागते, पण बाग उभी राहते. डोळा आणि बोट यांची लागवड होत नाही. म्हणून यंत्र ठेवाल त्या भिंतीवर खडूने चार ओळी लिहून ठेवा : चष्मा घातला का? चाक तपासले का? बाजूला उभा आहे का? वीज गेली तर बटण बंद केले का? घरातल्या ज्या मुलाला तुम्ही हे काम शिकवाल, त्याला आधी या चार ओळी वाचायला लावा आणि मगच प्लग त्याच्या हातात द्या.

आता बाहेर मांडलेल्या यंत्रावर आपण प्रत्यक्ष काम पाहू. तुमच्या साखळ्या आणल्या असतील तर घेऊन या. चष्मे टेबलावर ठेवले आहेत, ते डोळ्यांवर चढवूनच जवळ या.